हातचा

मंगळवारी नऊ वाजता माणसं येतात
ओल्या स्वेटरांनिशी, माझ्या टेबलाशी.
तेवढंच तर आहे, मारयुन,
गाड्या थांबायचा कोनाडा बारा मीटर वाढवायचा.
तेवढंच तर आहे, पंख्यांची कंपनी बदलायची.
दाराशी पाटी दोन भाषांत हवी. तेवढंच तर.

मी वहीत ओळ आखते, नंबर घालते.
कोण मागतंय, कशासाठी, किती दिवस, किती क्रोन,
आणि शेवटचा रकाना, जिथे पेन अडखळतं:
नाही केलं तर काय होईल?
बहुतेकदा तिथे लिहिलेलं असतं, काही नाही.
तरी माणूस रुसून जातो,
कॉफीचा कप अर्धा ठेवून.

फेरोच्या दोन बेटांमध्ये, समुद्राच्या पोटाखालून
आम्ही बोगदा खणतोय.
खर्चाच्या कागदावर शंभरातले आठ मी बाजूला ठेवलेत.
नाव नसलेली रक्कम लोकांना बघवत नाही.
जो येतो तो तिचं बारसं करायला बघतो,
आणि मी करू दिलं नाही
की मला नावं ठेवतो.

आमच्या घरामागे फळ्याफळ्यांची खोली होती,
फटींतून वारा आरपार.
तिथे मेंढ्याच्या तंगड्या वाळत टांगलेल्या.
शेवटच्या खुंटीवरच्या तंगडीला
बाबा सुरी लावू देत नसत.
कशासाठी ठेवलीय, मी विचारायचे.
ते माहीत असतं, तर कधीच कापली असती.

सात आणि आठ पंधरा.
पाचावर पाच, हातचा एक.
उत्तरात तो कुठे दिसत नाही,
पण विसरलात
तर पुढची सगळी बेरीज खोटी.

फेब्रुवारीत, रात्री पावणेदोनला, हाइनीचा फोन.
दोन हजार तीनशे चाळिसाव्या मीटरला
ड्रिलच्या भोकातून पाणी, मनगटाएवढं.
चाखलंस?
चाखलं.
गोडं असतं तर डोंगराचं,
डोंगराचं पाणी कधी ना कधी संपतं.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
खारं आहे, मारयुन.

अर्ज सकाळी भर, मी म्हटलं,
सिमेंट आत्ता भर.
अंथरुणात बसल्या बसल्या सही केली,
नियमाने मला जेवढ्याची मुभा होती तेवढ्याची,
आणि मग त्याहून थोड्या जास्तीची.

एकोणीस दिवस आम्ही खडकाला सिमेंट पाजलं.
आठातलं जे उरलं होतं
ते अकराव्या दिवशी संपलं.
पुढचे आठ दिवस मी राजधानीत
एकेका दारात उभी होते,
आणि बाउरदुर, ज्याने कोनाडा मागितला होता,
लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाला,
आधीच जास्त ठेवायला हवे होते.

आता सांगते. सतरा नंबर.
बोगद्याच्या मधोमध निळे दिवे, शोभेचे.
शेवटच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, काही नाही.
मागणारी माझी मावसबहीण, नगरपालिकेतली.
त्या मंगळवारी मी थकले होते,
तिच्याशी भांडायला पुन्हा रविवारच्या जेवणात बसायचं होतं.
मी मंजूर लिहिलं.
त्या दिव्यांत सहा दिवसांचं सिमेंट होतं.
कुणी विचारलं नाही. हिशेब माझ्याकडेच असतो.

उद्घाटनाला सगळ्यांनी दिव्यांखाली फोटो काढले.
खरंच सुंदर आहेत.
मुलं खिडकीला नाक लावून ओरडतात.
दोन हजार तीनशे चाळीसला भिंत कोरडी आहे,
म्हणून तिथे बघण्यासारखं काही नाही.
हाइनी तिथे गाडी हळू करतो, मीही करते.

बाबा गेले तेव्हा ती तंगडी खुंटीवरच होती,
दगडासारखी कडक.
भाऊ म्हणाला, वाया गेली.
मी ऑफिसात येऊन नव्या कामाची वही उघडली,
बंदराची भिंत, तीन वर्षं,
आणि शंभरातले दहा लिहिले.
दारावर टकटक झाली.
तेवढंच तर आहे, कुणीतरी म्हणालं.