ऊम मार्थिनसचं कुंपण

कारूतल्या या पट्ट्यात पेट्रोलच्या गाडीला मनाई आहे.
प्लगमध्ये उडालेली ठिणगीसुद्धा
तबकड्यांना ऐकू जाते.
म्हणून सेलवीन आणि मी डिझेलच्या खटाऱ्यातून फिरतो,
टपावर अँटेना, मांडीवर नकाशा,
फोन घरी, बटाट्यांच्या टोपलीत.
गोंगाट हुडकणं, हे आमचं काम.

कसला गोंगाट, नवा माणूस विचारतो.
दगड. वारा. स्प्रिंगबॉकची एक ओळ.
आणि पांढऱ्या तबकड्या
एकाच बाजूला माना वळवून,
वारं सुटल्यावर मेंढ्या उभ्या राहतात तशा.

रात्री तारेचा फोन खणाणला. झोलिस्वा.
'पुन्हा आलंय. टिक्.
सेकंदाला एक. टिक्.'
तिला आजचीच रात्र मिळाली होती
एका ताऱ्यासाठी.
तारा कसला,
फुटून गेल्यावर जे उरतं ते.
दूध उतू गेल्यावर
शेगडीवर एक करपलेली रेघ राहते गोल,
मधे काही नाही,
तसं.
डोळ्यांना दिसत नाही म्हणते ती,
पण कडेला इलेक्ट्रॉन अजून गरगरताहेत
घाण्याला जुंपल्यासारखे,
आणि फिरता फिरता पुटपुटतात.
ते पुटपुटणं तिला हवं होतं.

टिक् मोजत मोजत आम्ही पोचलो
ऊम मार्थिनसच्या फाटकाशी.
विजेचं कुंपण, साडेचार मैल.
कुठली तार कुठं ठिणगी टाकते,
अंधारात कसं सापडणार?
तो कोट चढवत बाहेर आला.
'कोल्ह्यासाठी आहे ते. मेंढ्या विताहेत.'
'ठाऊक आहे, ऊम.'
'किती वर्षं झाली म्हणता
त्या तुमच्या ताऱ्याला जाऊन?'
'दहा हजार. जास्तच.'
'मग अजून एक रात्र थांबला असता तर?'

सेलवीन बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.
मीही काही बोलले नाही.
म्हातारा शेडमध्ये गेला
आणि स्वतःच्या हातानं खटका ओढला.

मग जी शांतता पसरली
ती मला ऐकू आली असं म्हणणार नाही.
मला वाराच ऐकू येत होता.
झोलिस्वाला मात्र पहाटे पडद्यावर
एक कडं दिसलं,
पुसट, एका बाजूला फुटकं,
आजवर कुणीच न पाहिलेलं.
रडू की हसू तिला कळेना,
तिनं आधी चहा टाकला.

उजाडल्यावर तो इन्सुलेटर सापडला,
अंगठ्याएवढा, केसाएवढी चीर गेलेला.
बदलायला दहा मिनिटं लागली.

दोन कोकरं गेली होती.
ऊम मार्थिनस फावडं टेकवून उभा होता.
मी कागदावर छापलेलं ते चित्र पुढं केलं,
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
त्यानं चष्मा पुसला. खूप वेळ पाहिलं.
मातीनं भरलेलं बोट कड्यावरून फिरवत नेलं
हळूहळू,
कुंपण तपासत जावं तसं,
आणि जिथं ते फुटकं होतं तिथं थांबून म्हणाला,
'इथून शिरला.'