पेपर फुटला असेल तर

फिजिक्सच्या लॅबच्या किल्ल्या एकतीस वर्षं माझ्याकडे आहेत.
गायगर काउंटर कपाटातून काढायचा, फडक्यानं पुसायचा,
शिशाच्या डबीतला स्रोत चिमट्यानं उचलायचा
आणि ऐकत उभं राहायचं.
टक्.
टक् टक्.
मग बराच वेळ काहीच नाही.
टक्.
दरवर्षी एखादं पोर विचारतंच, आता पुढचा कधी?
ढिकले मॅडम सांगतात, कुणालाच ठाऊक नाही,
त्या अणूलासुद्धा.
आणि दारात चहाचा कप घेऊन निरगुडे सर :
आपल्याला ठाऊक नाही, एवढंच म्हणा.

वडील नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये होते, नंबरिंगला.
एकामागं एक, एकामागं एक,
रात्री झोपेतही त्यांची बोटं आकडा पुढं सरकवायची.
मी विचारायचो, ही नोट जाणार कुठं?
नंबर आमचा, म्हणायचे, नशीब तिचं.
पण लासलगावच्या अडत्यानं ती नोट
ज्याला दिली त्याला का दिली,
याला काहीतरी कारण असेलच ना,
कांद्याचं, उधारीचं, नाहीतर नुसतं खिशात वर होती म्हणून.
म्हणजे मी पहिल्यापासून निरगुडे सरांच्या बाजूचा.

मॅडमनी एकदा फळा पुसता पुसता मलाच धरलं.
समजा, वाळीबा,
सिन्नरच्या केंद्रावर एक मुलगी, मालेगावात एक मुलगा.
प्रश्न ऐनवेळी, चिठ्ठी उचलून.
दारात भरारी पथक, फोन काढून घेतलेले,
सिन्नरचा उजेड मालेगावात पोचायच्या आत
उत्तरं लिहून खाली ठेवलेली.
तरी जुळतात.
घरून ठरवून आली असतील, मी म्हटलं.
तेच तर मोजलं, त्या म्हणाल्या.
ठरवून येणाऱ्यांचं किती जुळेल याला हद्द असते.
यांचं त्या हद्दीपलीकडं जुळतं.
फार नाही. पण जुळतं.

मी खडूची पूड झटकत राहिलो.
ठरवून आली नाहीत, बोलली नाहीत, मग काय केलं त्यांनी?

चिठ्ठी कुणी उचलली? सरांनी दारातूनच विचारलं.
हातानं.
हात कशाचा?
मॅडम गप्प.
पेपर फुटलाय, बाई. काल नाही, परवा नाही.
काहीच नव्हतं ना, तेव्हाच फुटलाय.
पोरांना प्रश्न आधीच माहीत,
कारण चिठ्ठीकडं जाणारा हातही त्याच छापखान्यातला.

मग परीक्षा कशाला घेता? मॅडमचा आवाज चढला.
इतका फुटत असेल तर कुठलाच निकाल लागायचा नाही.
गोळीनं ताप उतरला, हेही म्हणता येणार नाही.
गोळी कुणाला द्यायची, तेही फुटलेलंच.

सर हसले नाहीत.
घ्यायची, म्हणाले. कारण घेणारच होतो.
कप तसाच टेबलावर ठेवून गेले.
तो मी धुतला.

संध्याकाळी रामकुंडावर गेलो, उगीच.
एक गुरुजी कुणा परगावच्या माणसांना सांगत होते,
इथं खालून अरुणा येऊन मिळते, दिसत नाही.
माणसांनी वाकून बघितलं.
मीही बघितलं, जन्म इथं गेला तरी.
हिरवट पाणी, द्रोण, खाली घातलेलं काँक्रीट.
अरुणा असेल तर या सगळ्यानंतरही असेल,
नसेल तर गुरुजींच्या बोलण्यात तरी वाहतेच आहे,
आणि माझ्या तळहातावरचं पाणी
दोन्ही बाजूंनी एकाच चवीचं.
दुतोंड्या मारुतीला विचारावं म्हटलं,
तर तो फक्त पूर किती आला एवढंच सांगतो.

परत आलो. लॅबचं एक कुलूप राहिलं होतं.
आत काउंटर चालूच, मीच विसरलेलो.
विसरलो, की विसरणारच होतो?
अंधारात किल्ली धरून उभा राहिलो.
ठरवलं, पुढचा टक् आला की बंद करायचा.
मग ठरवलं, नाही, त्याच्या आधी.
मग म्हटलं, बघू.

बराच वेळ काहीच नाही.