डोळे न काढता

सालमियाच्या जमियात
पावणेदोन दिनारला मिळालं:
एक दांडा, खाली पोकळ नळी,
नळीच्या टोकाला गोल वळलेलं पातं.
खोक्यावरच्या बाईचे हात कोरडे ठणठणीत.

शुक्रवार. मेरिव्हिकची रात्रपाळी संपलेली,
माझी संध्याकाळी सुरू होणार.
बाहेर सत्तेचाळीस. खिडकीला चंदेरी कागद,
सकाळचे दहा आहेत की रात्रीचे, कळत नाही.

शेंडी पिरगळून काढली,
वरची चकती उडवली,
नळी मधोमध रोवून फिरवत गेले.
उजवीकडे. अजून उजवीकडे. करकर.
रस मनगटावरून कोपरापर्यंत आला,
सॅनिटायझरने नखाशेजारी पडलेल्या भेगेत झोंबला.

दोडामार्गला शेजारचे बाबलकाका
कोयत्याने साल काढत, मग सुरीने डोळे.
तिरक्या रांगेत एकेक खाच,
फळाभोवती जिना उतरत गेल्यासारखी.
एक डोळा राहिला तरी जीभ चरचरेल, म्हणायचे.
एकही राहायचा नाही, तरी चरचरायचीच.
हे मी मेरिव्हिकला सांगत होते,
जरा जास्तच गोड करून.
म्हटलं, ह्या यंत्रात ती कला नाही.

ती फ्रीजला टेकून उभी, युनिफॉर्म अजून अंगात.
म्हणाली, आमच्या गावी डब्यांचा कारखाना आहे.
सोळाव्या वर्षी पट्ट्यापाशी उभी राहिले.
साल यंत्र काढतं, डोळे राहतात.
ते आम्ही. आठ तास.
रबरी मोज्यांत रस जायचाच.
बोटांचे ठसे पुसले गेले होते माझे,
इथल्या विमानतळावर
चार वेळा बोटं पुसून दाखवावी लागली,
की मी मीच आहे.

कला, म्हणाली, आणि हसली.
दे इकडे.

शेवटचे तीन फेरे तिचे.
मग सरळ वर ओढलं.
बूच निघाल्यासारखा आवाज,
आणि अख्खा अननस वर आला,
स्प्रिंगसारखा, पिवळाधमक, लोंबकळत.
एक डोळा नाही त्याला.
डोळे सगळे सालीतच राहिले,
बाहेर बघत.

केवढं वाया जातं बघ, मी म्हटलं, कडेला बोटभर गर.
ती काही बोलली नाही.
पोकळ सालीचे तुकडे केले,
मधला दांडका तेवढा चोखला,
बाकीचं बरणीत कोंबलं, वर पाणी, साखर, फडकं.
महिन्याने व्हिनेगर होतं म्हणे.
बरणीला चिकटपट्टी लावून तारीख घातली,
वॉर्डात नमुन्यावर घालतो तशी, वेळेसकट.
आणि झोपायला गेली.

मी मीठ लावून पहिली चकती खाल्ली.
दुसरी. तिसरी.
चरचरलीच जीभ.

यंत्र धुताना लक्षात आलं,
पात्याच्या आतल्या वळणात घासणी पोचत नाही.
तिचा जुना टूथब्रश होता सिंकखाली,
तो घेतला.