तिसरा डबा

पहाटे चारला म्हापशाच्या बूथवर
मी दुधाचे क्रेट उतरवतो.
मग हात धुतो तीनदा, शर्ट बदलतो,
तेव्हा कुठे शाल्मलीला उचलतो.

अक्षताचं दूध तापात आटलं.
वरच्या दुधाने पोरीचे गाल फुलले,
लंगोटात रक्ताचा धागा.
कुलासो डॉक्टरीण म्हणाली, साखर बाधत नाही हिला,
प्रथिन बाधतं.
म्हणजे मी आणलेला लॅक्टोजविरहित डबा फुकट.

मावशी म्हणाली, शेळीचं द्या.
डॉक्टरीण म्हणाली, शेळी गायीचीच बहीण.
सोया? सहा महिने होऊ देत.
सासू विचारायला थांबलीच नाही,
नारळ फोडून रस काढायला बसली.
तिला कोण सांगणार.

फार्मसीत आल्वितोने वरच्या फळीवरचा डबा काढला.
मागची बारीक अक्षरं मी उजेडात धरली,
लॉटरीचा निकाल बघावा तशी.
हायड्रोलाइज्ड म्हणजे काय रे?
चिमणी पिलाला चावून भरवते ना, म्हणाला, तसलं.
किंमत त्याने हळू सांगितली.

वास उकडलेल्या बटाट्याच्या सालींचा.
पहिल्या घोटाला तिने तोंड फिरवलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की भेसळ मीच केली.

दहाव्या रात्री लंगोट स्वच्छ.
दिवा लावून दोनदा बघितला.

सकाळी गिऱ्हाईक विचारतं, ताजं ना?
ताजं, म्हणतो, आणि पिशवी
अंगापासून लांब धरून देतो.

डबा पुरेल अजून चार दिवस.
पगाराला नऊ.