धार काढणं

आई पहाटे गोठ्यात धार काढायची,
मी त्याच अंधारात उठून
लाकूडगिरणीत धार लावायला जायचो.
चौतीस वर्षं. दर पाळीला बारा पाती,
प्रत्येक दाताला कानशीचे तीन हात.
चौथा मारायचा नाही,
चौथ्या हातानं दात हसतो, असं मुकादम म्हणायचा.
म्हणजे काय, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

आता केमी नदी गोठलीय,
तीन वाजताच दिवस मिटतो,
आणि मी शेडमध्ये शेगडीला पाठ देऊन
मांडीवर गिटार आडवी घेऊन बसलोय
तिची धार काढायला.
थेंबभर दूध निघायचं नाही.

पोट स्प्रूसचं, गिरणीच्या शेवटच्या ओंडक्यातलं.
मान बर्चची.
एकवीस पडदे, हातोडीला चामडं बांधून
एकेक करून बसवलेले.
पडदे म्हणायचं, पण झाकत काहीच नाहीत,
बोट कुठं चुकलं ते सगळ्या खोलीला सांगतात.

लाकडावर कागदी पट्टी चिकटवली.
पडद्यांचे माथे काळ्या शाईनं रंगवले,
वरून सपाट कानस फिरवली, हलकी,
इस्त्री फिरवावी तशी.
शाई उंचावरची आधी जाते.
चौदाव्यावरची शेवटपर्यंत गेली नाही,
तो बसवताना हेल्वीनं जेवायला हाक मारली होती.

मग माथे पुन्हा गोल करायचे.
मग टोकं.
टोकं म्हणजे खरी करवत:
दोन्ही काठांना एकवीस एकवीस दात.
याच हातांनी मी आयुष्यभर दात जागे केले,
आता एकेकाला थोपटून निजवायचं.
तिकोनी कानशीची एक कड मी आधीच मारून ठेवलीय,
लाकडाला ओरखडा नको.
मग चारशेचा पॉलिश पेपर, मग सहाशेचा, मग हजारचा,
मग नुसता अंगठा.

गिटार उलटी आहे.
आल्पोच्या डाव्या हाताची दोन बोटं
पेरापासून गेली, सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये.
त्याआधी शनिवारच्या नाचाला
तो वाजवायचा तेव्हा बायका नवऱ्यांचे पाय तुडवायच्या.
त्या सकाळचं पातं मी घासलेलं.
डॉक्टर म्हणाला, धार चांगली होती,
म्हणून जखम स्वच्छ झाली.
हे तो माझ्याकडे बघून म्हणाला नाही,
पण मी तिथेच उभा होतो.

आता दाबायचं काम उजव्या हाताकडे,
उरलेल्या डाव्यानं छेडायचं.
शिकेल का, माहीत नाही.
एकाहत्तर वर्षांचा आहे. मी विचारलेलंही नाही,
बनवायला घेतली.

काल आला. टोपी काढली नाही.
उजवा अंगठा मानेच्या काठाखालून
वरपासून पोटापर्यंत नेला,
तसाच परत आणला,
आणि मध्येच थांबला.
"नववा," म्हणाला, "चावतो."

मला काहीच लागत नव्हतं.
माझ्या अंगठ्याला एवढा घट्टा आहे
की त्याला खरं-खोटं कळत नाही.
कानस घेतली. तीन हात मारले.
त्यानं अंगठा ठेवला, मान हलवली.
मग मी चौथा मारला.

त्याला सांगितलं, जानेवारीत घरं तापतील,
हवा कोरडी होईल, लाकूड आकसेल,
धातू आकसणार नाही.
टोकं पुन्हा बाहेर येतील,
बेचाळीसच्या बेचाळीस.
तो म्हणाला, मग जानेवारीत येतो.

कॉफी प्यायला, कप डाव्या हातात,
अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत.
गिटार नेली नाही.
दारातून वळून मात्र विचारलं,
तारा कसल्या घालणार आहेस?
मी म्हणालो, मऊ.

तो गेल्यावर मांडीवरचा चुरा झटकला.
बारीक, करडा.
जिभेवर थोडा गेला होता,
चवीला रक्तासारखा लागतो,
लोखंडाचं सगळंच तसं लागतं.