लाभ

क्लबवाल्यांना काटा हवा होता
आणि काट्यावर हात.
मोंढ्यात बत्तीस वर्षं मापाडी होतो मी,
म्हणून वहीदभाई घरी आले. म्हणाले,
मन्मथअप्पा, रविवारी धरणावर चला, मासे मोजायचेत.
आमच्यात मासा शिजत नाही, मी म्हटलं.
शिजवायचा कुठंय, ते म्हणाले,
मोजायचा अन् सोडून द्यायचा.

मोजून सोडून द्यायचा!
असला व्यवहार जन्मात ऐकला नव्हता.
मोंढ्यात मोजलेलं सगळं
कुणाच्या तरी गाडीत जातं.

माघ सरत आलेला. माजलगावचं धरण
पहाटे एवढं थोरलं की पलीकडचा काठ
अंदाजानंच धरायचा.
बावीस खुंट्या, बावीस छत्र्या,
नांदेडचे, परभणीचे, लातूरचा एक दातांचा डॉक्टर.
कणकेत हिंग, पेंडीत गूळ,
आंबवलेल्या मक्याचा वास थेट
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवाचा.
शिट्टी झाली. गळ पडले.
मग काहीच नाही.
मोंढा बंद असतानाही
इतकं काहीच नाही मी बघितलं नव्हतं.

दहाला पहिला रोहू आला
ओल्या गोणपाटाच्या झोळीत.
काट्याला लावला आणि सवयीनं तोंडातून गेलं, लाभ.
एकाला आम्ही एक म्हणत नाही.
पोरं हसली.
रोहू सव्वादोन किलो. कल्ले असे हलत होते
जसा भाव पटत नाहीये.

झोळ्या आणायला होडीवर लिंबाजी भोई,
बक्षिसाला नाही, रोजानं.
माझ्या बापाच्या जाळ्यात हेच घावलं तर
चूल पेटते, अप्पा,
यांच्या गळाला घावलं की टाळ्या,
असं म्हणून तो वल्ह्यावर थुंकला
आणि पुन्हा गेला.

खुंटी नंबर अकरा, कंधारे सर.
सात वर्षं येतात, फळ्यावर नाव नाही.
यंदा लेक सोबत आणलेली, फोटोसाठी.
शेवटच्या शिट्टीला पाच मिनिटं असताना
त्यांचा कटला आला. डॉक्टरचा आठ-दोनशे होता.
काटा आठ-चारशेवर थांबला.

पण झोळी डोक्याकडून झुकलेली.
ओला कापूस उचललाय मी, माती मिसळलेलं सोयाबीन,
स्वतःचं नसलेलं वजन
हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून.
बोट घातलं तोंडातून आत.
गार, गोल. एक. मग दोन. मग तीन.
शिसं.

काट्यासमोर माझी पाठ होती.
आकडा मी अजून बोललो नव्हतो,
आणि मापाडी बोलेपर्यंत वजन नसतं.
तिन्ही गोळे सदऱ्याच्या खिशात टाकले,
काटा स्थिर होऊ दिला,
आणि मोंढ्यात ओरडायचो तसं ओरडलो,
आठ किलो शंभर!

सर पाण्याकडे बघत होते.
लेकीनं फोटो काढला.
दुसरा नंबर, ती म्हणाली, बाबा, दुसरा!
त्यांनी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

कटला मीच सोडला. गुडघाभर पाण्यात
दोन्ही हातांवर धरला थोडा वेळ.
तो आधी गेलाच नाही.
मग एकदम हात रिकामे,
आणि धोतर पार भिजलेलं.

एसटीत लिंबाजीनं विचारलं,
अप्पा, त्या कटल्याला एवढा वेळ कामून लागला?
मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.
बत्तीस वर्षांत पारड्याच्या कडेला
माझा अंगठा किती वेळा टेकला
ते मला ठाऊक, आडत्याला ठाऊक.
कुणी बोट घालून
बाहेर काढलं नाही.

रात्री सदरा धुवायला घेताना ही म्हणाली,
खिशात काय एवढं जड?
शिसं, म्हटलं.
कुणाचं?
जुनं आहे, म्हटलं. ठेव तिकडं.