ओलं सूत

बुटीबोरीच्या प्लान्टमध्ये रेणू कुणी पाहिलेला नाही.
आम्ही टोकं मोजतो.
किती हायड्रॉक्सिल उरली, किती कार्बॉक्सिल,
आणि त्यावरून साखळीची लांबी ताडतो.
जत्रेत हात सुटलेली माणसं मोजून
फेर किती मोठा होता ते सांगावं, तसं.

दोन टोकं जुळली की एक लहानसा रेणू मोकळा होतो.
आधीच्या भांड्यांत पाणी, शेवटच्यात ग्लायकॉल.
त्याला तिथून काढावं लागतं, ताबडतोब.
रेंगाळला तर जुळलेलं उसवतो,
आणि कागदावरचा उलटा बाण जिवंत होतो.
म्हणून शेवटच्या भांड्यात दोन मिलीबार,
जवळजवळ काहीच नाही.
त्या काहीच-नाहीच्या जोरावर रोज शेकडो टन धागा.

अकरा महिने मी हे मॉडेल लिहीत होते.
सात अभिक्रिया, त्यांतली एक पिवळेपणाची,
अँटिमनी, दोनशे त्र्याऐंशी अंश,
चकत्यांवरून ओघळणारा मधासारखा थर
आणि त्यातून धडपडत वर येणारे बुडबुडे.
बुडबुड्यांनी मला रडवलं, खरं सांगते.
जानेवारीत माझा वक्र लॅबच्या ठिपक्यांमधून गेला.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत, तेव्हाही गेला.
मी पेढे वाटले. चुकलंच.

श्रावणात ठिपके खाली उतरले.
०.६४ हवं तिथे ०.६२.
एवढंसं, पण स्पिनिंगला धागा तटतट तुटतो
आणि रात्री अडीचला फोन माझा वाजतो.
मी सक्रियण ऊर्जा हलवून पाहिली,
बुडबुड्यांचा आकार बदलला,
लॅबवर संशय घेतला.

कुमरे गेल्या एकोणीस वर्षांपासून व्हॅक्यूम सांभाळतात.
माझ्या स्क्रीनकडे त्यांनी पाहिलं, चहा संपवला.
‘पराते मॅडम, मे मंदी घरचा कूलर कसा चालते?’
मस्त चालतो.
‘अन् आता?’
आता नुसता दमट वारा फेकतो, अंग चिकट होतं.
‘आपला टॉवर म्हंजे मोठा कूलरच न जी.
पाणी गार होत नाई, कंडेन्सर दमते, व्हॅक्यूम सुटते.
तुमच्या गणितात श्रावण कुठी हाय?’

नव्हता.
ओळ एकशे बेचाळीस: थंड पाणी, तीस अंश, स्थिरांक.
मीच लिहिलेलं. बाजूला शेराही माझाच:
‘फारसा फरक पडू नये.’

ओल्या थर्मामीटरला वात लागते.
स्टोअरमधून आमच्याच धाग्याची लडी आणली,
गुंडाळली, बुडवली.
पाणी वर चढेचना.
पॉलिस्टरला तहान नसते, हे मला तोंडपाठ होतं,
तरी तासभर वाट पाहिली.

पाचपावलीला घरी आले तेव्हा बाबा
कूलरची वाळ्याची ताटी काढून झटकत होते.
म्हटलं, बाबा, सुती सूत आहे का थोडं?
ते बोलले नाहीत.
माग विकला त्याला चौदा वर्षं झाली.
तेव्हा बाजारात कुठला धागा आला होता
आणि माझा पगार कुठून येतो,
हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे,
जेवताना कुणी काढत नाही.
मग पलंगाखालची पेटी ओढून
त्यांनी एक कांडी दिली.
दोन बोटांत सूत फिरवून पाहिलं आधी, सवयीनं.
‘किती पायजे?’
वीतभर.
‘वीतभर?’ ते हसले. ‘पुरी ने. वीतभर कोणी मागते का?’

आता टॉवरखाली थर्मामीटर टांगलंय,
त्याच्या बुडाला बाबांचं सूत, वाटीत पाणी.
कुमरे दर तासाला आकडा लिहितात, चार रेघोट्यांच्या सहीनिशी.
ओळ एकशे बेचाळीस आता स्थिर नाही.
वक्र ठिपक्यांजवळ आलाय.
पूर्ण नाही, पहाटे अजून थोडा वर राहतो,
का ते कळत नाही.
कुमऱ्यांना विचारायचंय.
ते सोमवारपर्यंत सुटीवर आहेत.